घरच्या संगणकावरील चित्रपट आणि वेळेचें त्रैराशिक

गेल्या कांहीं वर्षांत शहरांतील पुष्कळ घरांतून एक नवें दृश्य दिसूं लागलें आहे. घरांतील मुलगा किंवा मुलगी चलच्चित्रें बनविण्याची विद्या, म्हणजे अॅनिमेशन, शिकत असते. खोलींतला संगणक रात्रभर चालू राहतो, त्याच्या पंख्याची घरघर बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकूं येते, आणि हात लावूं नये अशी चिठ्ठी त्याला चिकटविलेली असते. यंत्रापुढें कोणी बसलेलें नसतें. पडद्यावर एकच चित्र चौकोना-चौकोनानें हळूहळू भरत असतें. सकाळीं हिशेब पाहावा तर आठ तासांत तयार झालेला चित्रपट अवघ्या दोन सेकंदांचा! वडील माणसांना हा विजेचा अपव्यय वाटतो. मुलांना तो अटळ वाटतो, आणि त्यावर एकच उपाय त्यांना सुचतो. तो म्हणजे याहून महाग यंत्र घेणें.

दोन्हीहि पक्षांनीं थोडें थांबून विचार करण्यासारखी गोष्ट ही आहे कीं, त्या आठ तासांत यंत्र जें काम करतें त्यांतील मोठा भाग प्रेक्षकाच्या डोळ्यांपर्यंत पोंचतच नाहीं. तो भाग कोणता हें ओळखतां येतें, आणि ओळखल्यावर तो टाळतांहि येतो.

प्रथम हें काम आहे तरी काय? दादासाहेब फाळक्यांनीं १९१२ सालीं कुंडींत वाटाणे पेरून, कॅमेरा समोर ठेवून, महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची वाढ टिपली आणि मिनिटभराचा 'अंकुराची वाढ' हा चित्रपट केला, हें पुष्कळांनीं वाचलें असेल. तेथें रोप वाढविण्याचें काम निसर्गानें केलें आणि त्यावर उजेड पाडण्याचें काम सूर्यानें केलें. कॅमेऱ्यानें तें फक्त टिपून घेतलें. संगणकावरील चलच्चित्रांत मात्र रोप नाहीं, सूर्य नाहीं आणि कॅमेराहि नाहीं. आहेत ते केवळ आंकडे: वस्तूचा आकार, तिचा रंग, तिचा खडबडीतपणा, दिव्याची जागा. या आंकड्यांवरून दिवा कोठें पडेल, सावली किती गडद होईल, लाल भिंतीची झांक पांढऱ्या चादरीवर किती उतरेल, हें सर्व गणितानें काढून एकेक चित्र रंगविणें, याला त्या व्यवसायांत रेंडरिंग म्हणतात. अशा एकेका चित्राला फ्रेम म्हणतात, आणि एका सेकंदाला चोवीस फ्रेम लागतात.

प्रकाशाचें हें गणित मोठें मनोरंजक आहे. खऱ्या जगांत किरण दिव्यापासून निघून डोळ्यांत येतात. संगणकानें तसें करावयाचें म्हटलें तर निघालेल्या किरणांपैकीं बहुतेक डोळ्यांत न शिरतां भलतीकडेच जातील आणि सारा हिशेब फुकट जाईल. म्हणून यंत्र उलट चालतें. चित्रांतील प्रत्येक बिंदूपासून एक किरण दृश्यांत सोडावा, तो कशावर आदळतो तें पाहावें, तेथून तो पुढें कोठें उसळेल तें पाहावें, आणि अखेर दिव्यापर्यंत पोंचतो कीं नाहीं हें ठरवावें. टर्नर व्हिटेड यांनीं १९८० सालीं या मार्गानें आरसे, कांच आणि सावल्या यांचीं सुंदर चित्रें काढून दाखविलीं, आणि १९८६ सालीं जेम्स काजिया यांनीं सर्व प्रकारच्या प्रकाशाला लागू पडेल असें एक समीकरण मांडलें. हें समीकरण हातानें सोडवितां येत नाहीं. म्हणून किरण वाटेल त्या दिशेनें उसळूं द्यावा, असे पुष्कळ किरण सोडावे आणि त्यांची सरासरी घ्यावी, ही युक्ति वापरतात. हा एक प्रकारचा कौल घेणेंच आहे. दहा माणसांस विचारून गांवाचें मत समजत नाहीं, हजारांस विचारलें तर बरेंच समजतें. किरण थोडे असले म्हणजे सरासरी चुकते आणि चित्रावर वाळूसारखे कण दिसतात. त्यांना नॉइज म्हणतात.

येथेंच खर्चाचें मूळ आहे. सरासरीची चूक किरणांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत कमी होते. म्हणजे कण निम्मे करावयाचे तर किरण दुप्पट नव्हे, चौपट लागतात; चतुर्थांश करावयाचे तर सोळापट. नेहमींच्या १९२० बाय १०८० या मापाच्या चित्रांत २०,७३,६०० बिंदु असतात. प्रत्येकाला एक हजार किरण दिले तर एका चित्रासाठीं दोनशें सात कोटींहून अधिक किरणमार्ग झाले, आणि प्रत्येक मार्ग वाटेंत अनेक वेळां उसळणारा! पंखा कां घरघरतो, हें आतां निराळें सांगावयास नको.

आतां शाळेंत शिकलेलें त्रैराशिक मांडावें. तीन मिनिटांच्या चित्रपटाला ४,३२० फ्रेम लागतात. एका फ्रेमला दहा मिनिटें लागलीं तर ४३,२०० मिनिटें, म्हणजे ७२० तास, म्हणजे अहोरात्र चालून पुरे तीस दिवस झाले. संगणक तीनशें वॅट वीज खात असेल तर २१६ युनिट वीज लागली. शेवटीं कोठें तरी चूक दिसली तर त्या भागाचें गणित पुन्हां पहिल्यापासून. विद्यार्थ्याच्या परीक्षेची तारीख तीस दिवस थांबत नाहीं. आणि कित्येक चांगल्या कल्पना या गणितापाशीं येऊन सोडून दिल्या जातात, हें खरें दुःख आहे. तेंच काम फ्रेमला एक मिनिटावर आणलें तर तीन दिवस पुरतात. तेव्हां प्रश्न सेकंदांचा नसून चित्रपट पुरा होतो कीं नाहीं याचा आहे.

नवें यंत्र घेतल्यानें हा प्रश्न कायमचा सुटेल असें मानणाऱ्यांनीं या क्षेत्रांतील जुने जाणते जिम ब्लिन यांच्या नांवानें ओळखला जाणारा एक नियम ध्यानांत ठेवावा. यंत्रें कितीहि सुधारलीं तरी एक चित्र काढण्यास लागणारा वेळ तेवढाच राहतो, असा तो नियम. कारण यंत्राचा वेग वाढला कीं चित्रकाराची हांव त्याच वेगानें वाढते. १९९५ सालीं पिक्सार संस्थेनें 'टॉय स्टोरी' हा संपूर्ण संगणकावर काढलेला पहिला मोठा चित्रपट केला, तेव्हां ११७ यंत्रें त्या कामीं लावलीं होतीं आणि एकेका फ्रेमला पाऊण तासापासून तीस तासांपर्यंत वेळ लागला होता. आजचीं यंत्रें त्यांच्या किती तरी पुढें गेलेलीं आहेत. तरी मोठ्या संस्थांच्या चित्रपटांत फ्रेमला तासचे तास लागतातच. याचा अर्थ चांगलें यंत्र निरुपयोगी असा नव्हे. ग्राफिक्स कार्ड या भागांत हजारों लहान गणक एकाच वेळीं काम करतात, आणि २०१८ पासून कांहीं कार्डांत किरण कशावर आदळला हें शोधण्यासाठींच वेगळी रचना केलेली असते. ज्या घरीं असें कार्ड आहे तेथें संगणकाला तें वापरण्यास सांगितलें आहे कीं नाहीं, एवढें प्रथम पाहावें. कार्ड बसविलेलें आहे आणि काम मात्र मुख्य प्रोसेसरच करतो आहे, असें होऊं शकतें. दुसरें असें कीं, कार्डाची स्मृति मर्यादित असते. दृश्य तिच्यांत मावलें नाहीं तर काम मंदावतें किंवा बंद पडतें. म्हणून शंभर झाडें काढावयाचीं असतील तर एकच झाड रचून त्याचे शंभर निर्देश द्यावे, शंभर वेगळीं झाडें सांठवूं नयेत.

घरीं शिकणारे पुष्कळजण ब्लेंडर नांवाचा प्रोग्रॅम वापरतात, म्हणून पुढील उदाहरणें त्यांतलींच घेणें सोयीचें. टॉन रोझेंडाल या डच गृहस्थानें केलेला हा प्रोग्रॅम २००२ सालीं लोकवर्गणीनें एक लाख युरो जमवून सर्वांसाठीं मोकळा करण्यांत आला, आणि तेव्हांपासून तो विनामूल्य मिळतो. त्यांत किरणांचें गणित करणाऱ्या भागाला सायकल्स म्हणतात. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांत किरणांची कमाल मर्यादा कोणी न बदलल्यास प्रत्येक बिंदूस ४,०९६ इतकी ठेवलेली असते. सोबतच कण अमुक प्रमाणाखालीं गेले कीं त्या बिंदूवर थांबावें, अशीहि एक मर्यादा असते. नवशिका विद्यार्थी या दोन आंकड्यांना हात लावीत नाहीं. वास्तविक स्वच्छ आकाशाच्या बिंदूस फार थोडे किरण पुरतात आणि कोपऱ्यांतल्या सावलीस फार लागतात. थांबण्याची मर्यादा जरा सैल केली तर यंत्र आपण होऊन आकाशावरचे कष्ट आणखी वांचवितें. किरण थोडे ठेवून उरलेले कण मागाहून पुसणारी साधनेंहि आतां ब्लेंडरमध्येंच आहेत. इंटेल कंपनीचें तसें एक साधन २०१९ सालीं त्यांत आलें. पुष्कळ चित्रें पाहून शिकविलेलें हें साधन स्वच्छ चित्र कसें असेल याचा अंदाज बांधतें.

या साधनाविषयीं थोडें अधिक सांगणें जरूर आहे, कारण फसगत येथेंच होते. एक स्थिर चित्र घेऊन पाहिलें तर परिणाम अद्भुत दिसतो. शंभर किरणांचें चित्र हजार किरणांच्या चित्रासारखें भासतें. विद्यार्थी आनंदानें तेंच प्रमाण ठरवितो आणि सारा चित्रपट काढतो. मग चालवून पाहतो तों भिंत उकळत्या पेजेसारखी हलते आहे! कारण साधन प्रत्येक फ्रेमकडे वेगळें पाहतें. या फ्रेममधील कण आणि पुढच्या फ्रेममधील कण निराळे, म्हणून दोहोंचे अंदाजहि निराळे, आणि डोळ्याला तो फरक सेकंदाला चोवीस वेळां जाणवतो. उलट कणांची मांडणी प्रत्येक फ्रेमला तीच ठेवली तर चित्रापुढें धुळीची कांच धरल्यासारखें दिसतें. मागचें दृश्य सरकतें आणि धूळ मात्र जागच्या जागीं राहते. यास्तव परीक्षा कधींहि स्थिर चित्रावर घेऊं नये. ज्या प्रसंगांत सावली मोठी आहे आणि हालचाल आहे असे दोन सेकंद निवडावे, ते निरनिराळ्या प्रमाणांत काढावे आणि चालवून पाहावे. ज्या प्रमाणाला भिंत शांत झाली तेंच खरें. त्याच्यावर जितके किरण सोडले तितके वायां गेले असें समजावें.

किरण किती वेळां उसळूं द्यावा, हाहि असाच एक आंकडा आहे. ब्लेंडरमध्यें एकंदर बारा वेळां उसळण्याची मुभा मुळांत दिलेली असते. खिडकींतून येणाऱ्या उजेडांतील खोलीसाठीं कांहीं उसळी हव्यातच, नाहींतर कोपरे काळे पडतात. पण उघड्या माळावरील दृश्याला तीनचार पुरतात. कांचेचीं भांडीं एकामागें एक मांडलेलीं असतील तर मात्र अधिक उसळी द्याव्या लागतात, नाहींतर मागचीं भांडीं काळीं दिसतात.

याहून मोठी बचत एका फार जुन्या युक्तीनें होते. १९१४ च्या सुमारास अमेरिकेंत अर्ल हर्ड यांनीं पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावावर पात्रें रंगवून तीं एकाच पार्श्वभूमीवर ठेवण्याची पद्धति काढली. त्यापूर्वीं प्रत्येक चित्रांत पात्राबरोबर घर, झाड, डोंगर हें सर्व पुन्हां काढावें लागे. हातानें चित्रें काढणाऱ्यांना श्रम जाणवत, म्हणून त्यांना ही युक्ति सुचली. संगणकाला श्रम जाणवत नाहींत. तो न हलणारा डोंगर दोनशें वेळां त्याच निष्ठेनें पुन्हां पुन्हां काढीत बसतो. कॅमेरा स्थिर असेल तेथें पार्श्वभूमी एकदांच भरपूर किरण देऊन सुंदर काढावी, पात्र आणि त्याची सावली तेवढी प्रत्येक फ्रेमसाठीं वेगळी काढावी, आणि दोन्ही मागाहून एकत्र करावीं. सायकल्समध्यें नुसती सावली उचलून घेण्याची सोय आहे. जेथें पात्र पडद्याचा पांचवा हिस्साच व्यापतें तेथें किती काम वांचेल, याचा हिशेब कोणासहि करतां येईल. अट एवढीच कीं, पात्रामुळें पार्श्वभूमीच्या उजेडांत मोठा फरक पडतां कामा नये; हातांत कंदील घेऊन चालणाऱ्या माणसाला ही युक्ति लागू नाहीं. कॅमेरा हलता असला तरी एक बचत राहतेच. प्रत्येक फ्रेमच्या आरंभीं यंत्र सारें दृश्य नव्यानें मांडतें, तें न मोडतां पुढील फ्रेमसाठीं तसेंच ठेवावें अशी एक खूण ब्लेंडरमध्यें आहे. ती केल्यास स्मृति अधिक लागते, पण मांडामांडीचा वेळ वांचतो. जेथें किरणांचें काम थोडें आणि मांडणीचें फार, तेथें या एका खुणेनें बराच फरक पडतो.

येथपर्यंतचें सर्व विवेचन किरणांचें गणित करावयाचेंच, असें धरून झालें. परंतु तें मुळींच न करतां चित्रपट काढला तर? लॅटव्हिया या लहानशा देशांतील गिन्ट्स झिल्बालोदिस या तरुणानें तें करून दाखविलें आहे. त्याचा 'फ्लो' हा चित्रपट २०२४ सालीं कान येथील महोत्सवांत प्रथम दाखविण्यांत आला. महापुरांत सांपडलेलें एक मांजर आणि नावेंत त्याच्या सोबतीला आलेले इतर प्राणी, एवढीच त्याची कथा. त्यांत मनुष्य नाहीं आणि संवादहि नाहीं. मार्च २०२५ मध्यें ऑस्करचें पारितोषिक त्याला मिळालें, आणि त्या स्पर्धेंत पिक्सार आणि ड्रीमवर्क्स या बलाढ्य संस्थांचे चित्रपट होते. हा सबंध चित्रपट ब्लेंडरमध्यें केलेला असून त्याच्या अंतिम फ्रेम दिग्दर्शकानें स्वतःच्या एका संगणकावर काढल्या; यंत्रांचा ताफा भाड्यानें घेतला नाहीं. एका फ्रेमला अर्ध्या सेकंदापासून दहा सेकंदांपर्यंत वेळ लागला, आणि तोहि नेहमींच्या चौपट बिंदूंच्या मोठ्या मापाला! चित्रपट सुमारें पंचाऐंशीं मिनिटांचा, म्हणजे फ्रेम सव्वालाखाच्या आंतबाहेर. प्रत्येक फ्रेमला कमाल दहा सेकंद धरले तरी सारें काम अवघ्या पंधरवड्यांत होतें.

हें साधलें तें ईव्ही या ब्लेंडरच्याच दुसऱ्या भागामुळें. २०१९ पासून ब्लेंडरमध्यें असलेला हा भाग किरणांच्या मागें धांवत नाहीं. संगणकावरील खेळांत जसें दृश्य झटपट पडद्यावर मांडतात तसें तो मांडतो आणि सावल्या, प्रतिबिंबें, धुकें यांचे हुबेहूब भासणारे देखावे रचतो. अर्थात् त्याला उणिवा होत्या. प्रतिबिंब पडद्यावर जें दिसतें आहे त्याचेंच उमटे. चौकटीबाहेरील झाड पाण्यांत दिसत नसे. भिंतीच्या सांध्यांतून उजेड गळे. २०२४ मधील आवृत्तींत त्याची पुष्कळशी पुनर्रचना झाली आहे, तरी तो सायकल्सची बरोबरी करतो असें म्हणतां येणार नाहीं. झिल्बालोदिसचें कौशल्य असें कीं, त्यानें यंत्राच्या उणिवेशीं भांडण केलें नाहीं. 'फ्लो' पाहतांना ध्यानांत येतें कीं, मांजराचा केसन् केस वेगळा दाखविण्याचा हट्ट तेथें नाहीं. अंगावरील लव रंगाच्या फटकाऱ्यांनीं सुचविली आहे. जें दाखविलें आहे तें मांजराचें अंग चोरणें, कान टवकारणें, पाण्याला भिऊन मागें सरणें. प्रेक्षकाचें लक्ष तेथेंच असतें. हें रूप त्यानें चित्रपट पुरा झाल्यावर घाईंत पत्करलेलें नव्हतें, आरंभींच ठरविलेलें होतें. कामाला लागलेलीं साडेपांच वर्षें कथा, हालचाल आणि कॅमेरा यांत गेलीं. रेंडरिंगची वाट पाहण्यांत गेलीं नाहींत. उलट रंग आणि प्रकाश चटकन डोळ्यांपुढें येत असल्यामुळें एक प्रसंग अनेक तऱ्हांनीं करून पाहण्याची मोकळीक त्याला मिळाली असली पाहिजे. घरीं शिकणाऱ्यानें सायकल्स कीं ईव्ही हा निर्णय पहिल्या आठवड्यांतच घ्यावा, असें या उदाहरणावरून वाटतें. सायकल्ससाठीं रचलेलें दृश्य शेवटच्या घटकेस ईव्हींत नेलें तर तें विद्रूप दिसतें, आणि दोष मग ईव्हीला दिला जातो.

हातानें चित्रें काढणाऱ्यांची आणखी एक रीत उपयोगीं पडण्यासारखी आहे. एकच चित्र लागोपाठ दोन फ्रेम दाखविलें तर सेकंदाला बारा चित्रें पुरतात. २०१८ सालच्या 'स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स' या चित्रपटांत पात्रांच्या हालचाली ठिकठिकाणीं मुद्दाम अशाच ठेवल्या होत्या, आणि त्यामुळें छापील चित्रकथेचा ठसका आला. घरच्या चित्रपटांत कॅमेरा स्थिर असलेल्या जागीं ही रीत वापरली तर त्या जागेपुरतें काम थेट निम्मे होतें. कॅमेरा फिरत असेल तर मात्र दृश्य धक्के खात पुढें सरकतें, आणि तें कोणाच्याहि डोळ्यांस खुपतें.

राहतां राहिली कामाची शिस्त. अंतिम काम सुरू करण्यापूर्वीं सारा चित्रपट लांबी-रुंदी निम्मी ठेवून, म्हणजे बिंदु चतुर्थांश ठेवून, आणि किरण अगदीं थोडे देऊन एकदां काढावा. चुका यांतच दिसतात. पाय जमिनींत रुतलेला असतो, दिवा एका प्रसंगांत विसरलेला असतो. मग पूर्ण मापाच्या फ्रेम दर पन्नासाव्या घेऊन प्रत्येकीचा वेळ टिपावा आणि त्रैराशिक मांडावें. उत्तर परीक्षेच्या तारखेपलीकडे गेलें तर यंत्र चालू करण्यापूर्वींच काटछांट करावी. संगणक भिंतीला टेकवून ठेवूं नये आणि त्यांतली धूळ काढावी. फार तापलेलें यंत्र स्वतःला वांचविण्यासाठीं आपला वेग कमी करतें. आणि चित्रपट थेट एका चित्रफितीच्या फाइलींत कधींहि काढूं नये. प्रत्येक फ्रेम वेगळें चित्र म्हणून क्रमांकानें सांठवावी, आणि आधीं असलेलें चित्र पुन्हां काढूं नये अशी खूण करावी. पावसाळ्यांत रात्रीं अडीच वाजतां वीज गेली तर एकसंध फाइल बहुधा उघडतच नाहीं आणि सर्व रात्र फुकट जाते. सुट्या चित्रांत चालू होतें तेवढें एकच चित्र बुडतें, आणि वीज आल्यावर यंत्र पुढच्या क्रमांकापासून काम उचलतें. एका प्रसंगांत दोष निघाला तर तेवढीं चित्रें पुसून तेवढींच पुन्हां काढतां येतात. दुसरा संगणक घरांत किंवा मित्राकडे असेल तर अर्धे क्रमांक त्याच्यावर सोंपवितां येतात. मात्र दोन्हीकडे ब्लेंडरची आवृत्ति एकच असावी, नाहींतर मधूनच चित्राचा रंग बदललेला दिसण्याची भीति असते. सर्व चित्रें हातीं आल्यावर तीं ओळीनें जोडून त्यांना ध्वनि बसविण्याचें काम साधारण संगणकावरहि थोड्या मिनिटांत होतें.